आशाताईची घरभेट: बाळंतपणानंतरच्या ४२ दिवसांचा आमच्या घरचा अनुभव

सर्व्हिस कोणती तर बाळंतीण दवाखान्यातून घरी आल्यावर आशाताई, म्हणजे सरकारी योजनेत आरोग्याचं काम करणारी गावातलीच बाई, लेकराला बघायला घरी येते ती. पैसे शून्य. ठिकाण आमचं घर, तालुका धारूर, जिल्हा बीड. माझ्याकडून ५ पैकी ४ स्टार, आणि कापलेला एक स्टार आशाताईचा नाही, तो कशापायी कापला ते पुढं येईल.

लिहायचं कारण असं की मागच्या आठवड्यात बचत गटाच्या बायकांत विषय निघाला अन् एकजण म्हणली, ती काय करती, येती, काट्याला लेकरू लटकवती, फॉर्म भरती अन् जाती. मला ते लई लागलं. तिथं बोलले नाही कारण बोलले असते तर रडू आलं असतं, म्हणून इथं सविस्तर लिहायलेय.

आधी माझं सांगते. माझं लग्न सोळाव्या वर्षी झालं. २००६ च्या हंगामात आम्ही दोघं कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला गेलो होतो, पहिलं बाळंतपण तिथं कोपीतच, पाचटाच्या झोपडीत झालं, थंडीचे दिवस, पहाटे तीनच्या सुमारास. पोरगा होता. वजन कुणी केलं नाही, पण ओंजळीत मावायचा. शेजारच्या कोपीतल्या म्हातारीनं नाळ कापली, लगेच आंघोळ घातली, जुन्या लुगड्यात गुंडाळून बाजूला ठेवला. चीक पिळून टाकायला लावला, तीन दिवस नुसतं साखरपाणी बोटानं चाटवलं. चौथ्या दिवशी त्याचं रडणं कमी झालं, आम्हाला वाटलं शांत लेकरू आहे, त्रास देत नाही, बरं झालं. पाचवी पुजली, सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते म्हणून रात्रभर दिवा तेवत ठेवला. सहाव्या दिवशी दुपारी मालक, म्हणजे माझा नवरा, उसाच्या फडातून पाणी प्यायला आले तर लेकराचे हातपाय गार. सगळे म्हणले सटवाईनं एवढंच लिहिलं होतं. मीपण तेच धरून बसले, एक दोन नाही, अठरा वर्षं.

आता २०२४ चं. माझ्या धाकट्या जावेचं दुसरं बाळंतपण आषाढात झालं. ती वीस वर्षाची, लग्न सतराव्या वर्षी, पहिली मुलगी वीस महिन्याची. आमच्या जिल्ह्यात ह्यात कुणाला नवल वाटत नाही, सरकारची २०१९ ते २१ ची जी घरोघर पाहणी झाली तिच्यात बीडमधल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४३.७ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं, परभणीत तर ४८ टक्के, आणि अख्ख्या महाराष्ट्राचा आकडा २१.९ आहे. म्हणजे ज्या घरात लेकरू जन्मतं तिथं बऱ्याचदा आईच लेकरू असते, अंगावर मांस नाही, रक्त कमी, पहिलं अजून कडेवर अन् दुसरं पोटात. जावेची ही मुलगी भरली २ किलो १००. अडीच किलोच्या खाली म्हणजे कमी वजनाचं धरतात.

दवाखान्यात चांगलं झालं, नर्सबाईनं पहिल्या तासातच अंगावर पाजायला लावलं, चीक वाया जाऊ दिला नाही. तिसऱ्या दिवशी घरी आलो आणि त्याच दिवशी सांच्याला आशाताई दारात.

ह्यांच्या भेटी ठरलेल्या असतात, तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. घरी बाळंतपण झालं असलं तर पहिल्या दिवशी एक जास्त. मला हे बघून वाटलं की आपलंही असंच आहे की, पाचवी, बारावी, सव्वा महिना. आपल्या जुन्या बायकांनाही माहीतच होतं की पहिला सव्वा महिना जपायचा असतो, कशापासून जपायचं तेवढं हातात नव्हतं.

आता ती आल्यावर करते काय. आधी मोरीवर जाऊन साबणानं हात धुतले, कोपरापर्यंत, अन् पदराला न पुसता तसेच वाळवले. मग लेकराकडं न जाता दारात उभं राहून खोली बघितली. मला तवा राग आला होता, म्हणलं आमची गरिबी बघायली का काय. पण ती लेकराच्या आधी घर तपासत होती, अन् ते घर असं होतं. पत्र्याच्या दोन खोल्या. आतली अंधारी, वारं लागू नये म्हणून खिडकीला पोतं लावलेलं, तिथंच बाळंतिणीची बाज. त्याच खोलीत चूल, कारण उज्ज्वलाचा गॅस आहे पण टाकी भरायला पैसे लागतात, आमच्यात वर्षाला दोन तीन टाक्या होतात, बाकी तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या. पावसानं सरपण ओलं, त्यामुळं डोळे उघडंनात असा धूर. बाजंखाली शेगडी, तिच्यावर ओवा अन् शेपा टाकून लेकराला दोन टाईम धुरी. मोठी पोरगी नाक गळणारी, तीपण त्याच बाजंवर. कोपऱ्यात पाण्याचा ड्रम उघडा, त्यात जो येईल तो पेला बुडवतोय, बोटांसकट.

तिनं एकेक करून सांगितलं, पण सांगण्याची पद्धत बघा, मला ह्यासाठीच ती आवडली. धुरी बंद करा म्हणली असती तर आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, तिला दुसऱ्यांदा दारात उभं केलं नसतं. ती आत्याबाईंजवळ खाली बसली अन् विचारलं, मावशी, तुम्ही किती बाळंतपणं काढली हातानं? आत्याबाई खुलल्या. मग म्हणली, धुरी कशाला देत होता तुम्ही, ऊब मिळावी म्हणूनच ना, मग ऊब तर पाहिजेच मावशी, तुमचं बरोबरच आहे, फक्त धूर नको, एवढुश्या छातीत धूर गेला की लेकराला दम लागतो अन् न्युमोनिया होतो. चूल ओसरीवर घ्या. लेकराला रोज तेलपाणी नको, वजन वाढेपर्यंत कोमट ओल्या फडक्यानं पुसायचं. नाळेला काहीच लावायचं नाही, हळद नाही, राख नाही, तेल नाही, कोरडी ठेवायची. घुटी नाही, मध नाही, पाणीसुद्धा नाही, सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध.

आत्याबाईंनी मान डोलावली पण मनातून पटलं नव्हतं, ती गेल्यावर म्हणल्याच, आमची काय जगली नाहीत का. त्यांची पाच जगली अन् दोन गेली हे त्या सांगत नाहीत. एक आठव्या दिवशी आकडी येऊन गेलं, तो धनुर्वात होता हे आता कळतंय. आता गरोदरपणातच इंजेक्शन देतात अन् नाळ नव्या ब्लेडनं कापतात म्हणून आपल्याला तो आजार दिसत नाही, २०१५ ला तर देशातून बाळंतिणीचा अन् तान्ह्या लेकराचा धनुर्वात संपल्यात जमा झाल्याचं जाहीर झालं. आत्याबाईंना दोष द्यायला माझं मन धजत नाही. त्यांना जे माहीत होतं ते त्यांनी जीव लावून केलं, मीपण तसंच केलं असतं.

सातव्या दिवशी वजन २ किलोच्या जरा खाली आलं. आम्ही घाबरलो तर ती म्हणली पहिल्या आठवड्यात सगळ्याच लेकरांचं थोडं उतरतं, आता चढायला पाहिजे, दर दोन तासानं पाजा, झोपलं असलं तरी उठवून पाजा. तिनं जावेला धरायचं कसं ते परत दाखवलं, नुसती बोंडी तोंडात न देता काळा भाग आत गेला पाहिजे, हनुवटी टेकली पाहिजे. इतकी साधी गोष्ट, मला तीन लेकरं मोठी करूनही कुणी सांगितली नव्हती.

चौदाव्या दिवशीची गोष्ट सांगायसाठी हा सगळा रिव्ह्यू आहे.

आदल्या रात्री लई पाऊस झाला, लाईट गेलेली, पत्र्याच्या एका खिळ्यातून पाणी ठिबकायलं होतं ते झोळीच्या दोरीवरनं खाली झोळीत उतरलं. अंधारात कळलं नाही. जाऊ दिवसभराची थकलेली, तिलाही कणकण होती, तिला वाटलं लेकरू झोपलंय. सकाळी फडकी बदलली, लेकरू काही रडलं नाही, दुपारी पाजायला घेतलं तर तोंडात घेऊन सोडून द्यायलं. आत्याबाई म्हणल्या पोट भरलं असंल. मी पण म्हणले, शांत आहे आज.

आशाताई दिवसभर डेंग्यूच्या सर्व्हेला फिरलेली, संध्याकाळी सहाला चिखल तुडवत आली, मी म्हणले उद्या आला असता तर चाललं असतं. ती काही बोलली नाही, हात धुतले, लेकराच्या पोटाला हात लावला, मग तळपायाला, मग बगलेत थर्मामीटर. ९४.६ फॅरनहाइट. मग अंगावरचं फडकं बाजूला करून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. ६८. परत मोजले. ६६. दोन महिन्याच्या आतल्या लेकराचे ६० किंवा त्याच्या वर गेले की धोका असतो. श्वास घेताना बरगड्यांच्या खालचा भाग आत ओढला जायला होता, तिनं दाखवला तवा दिसला, त्याआधी आम्ही सगळे त्याच लेकराकडं दिवसभर बघत होतो अन् कुणालाच दिसला नव्हता.

तिनं विचारलं रडली कधी शेवटची? आम्ही एकमेकींकडं बघितलं. ती म्हणली, शांत नाहीय ही, गार पडलीय, गार पडलेलं लेकरू रडत नाही.

ते एक वाक्य माझ्या कानात अजून आहे. मी तिथं भिंतीला धरून बसले. अठरा वर्षं मी ज्याला सटवाईचं लिहिणं समजत होते ते हे होतं. तो शांत नव्हता.

मग घरात जे व्हायचं ते झालं. दीर ट्रॅक्टरवर गेलेला, फोन लागंना. सासरे म्हणले पाऊस आहे, रात्रीचं कुठं नेता, सकाळी बघू. अजून एक नातेवाईक बसलेले होते ते म्हणले दुसरीपण पोरगीच आहे ना. हे वाक्य आमच्या जिल्ह्यात किती घरात बोललं जातं ते काही लपून राहिलेलं नाही, २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या, कमी पडलेल्यातल्या बऱ्याच पोटातच गेल्या, पण ज्या जन्मल्या त्यातल्याही काही अशा "सकाळी बघू" मध्ये जातात. मी आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांसमोर आवाज चढवला. काय बोलले ते लिहीत नाही. आशाताई तोवर १०२ ला फोन लावून मोकळी झाली होती, म्हणली मामा, गाडी फुकट आहे, औषधं फुकट आहेत, वर्षाच्या आतल्या लेकराला सरकारी दवाखान्यात एक रुपया लागत नाही, तुम्ही फक्त सोबत या. पैशाची भीती निघाली तसे सासरे उठले. बऱ्याचदा माणूस निर्दयी नसतो, खिशाला घाबरलेला असतो.

गाडीला यायला सव्वा तास लागला, ओढ्याला पाणी होतं. तेवढा वेळ ती बसून राहिली. जावेचा ब्लाऊज उघडायला लावून लेकराला नुसत्या लंगोटीवर छातीला उभं लावलं, डोक्याला टोपी, वरून चादर अन् तिच्या किटमधलं ब्लँकेट. दूध वाटीत काढून चमच्यानं थेंब थेंब. गाडीत बसताना हातपाय जरा कोमट लागायले होते. दवाखान्यात नऊ दिवस काचेत ठेवलं, न्युमोनिया होता. डॉक्टर म्हणले रात्रभर घरी ठेवली असती तर अवघड होतं.

मला नंतर मुलानं मोबाईलवर काढून दाखवलं, त्याच २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रात जन्मलेल्या हजार लेकरांपैकी २८ पाच वर्षांच्या आत जातात, अन् त्यातली १६ ते १७ पहिल्या २८ दिवसातच. म्हणजे निम्म्याहून जास्त. आणि हे दिवस दवाखान्यात कुठं जातात, दोन तीन दिवस सोडले तर सगळे आपल्या घरातच जातात, बाजंवर, झोळीत, चुलीजवळ. म्हणून कुणीतरी घरी यायलाच पाहिजे.

ही कल्पना आपल्याच राज्यातली आहे हे किती जणांना माहीत आहे? गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९९३ ते ९८ ह्या काळात ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं, लेकराचं वजन, ऊब, श्वास मोजणं, गरज पडली तर इंजेक्शनसुद्धा, आणि नवजात लेकरांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ ला ते जगात छापून आलं, २०११ पासून आशांच्या हातनं देशभर सुरू झालं. माझं माहेर आष्टी तालुक्यात, तिथून जामखेड जवळ, तिथं तर डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० च्या दशकापासून गावातल्या न शिकलेल्या बायकांना आरोग्याचं शिकवत होते, आमची आजी लई सांगायची त्यांचं. माझं पहिलं लेकरू २००६ चं. एवढ्या जवळ हे सगळं चालू होतं अन् आमच्या कोपीपर्यंत आलं नव्हतं. असो.

लेकरू घरी आलं तवा १ किलो ९५० होतं. आता छातीला धरून ठेवायचं काम दिवसातून जमेल तेवढा वेळ करायचं होतं, त्याला कांगारू पद्धत म्हणतात. जावेला एकटीला होईना, तिला मोठी पोरगी होती, तिलाही जेवायला झोपायला पाहिजे. तवा आशाताईनं काय केलं, तर आत्याबाईंना विचारलं, मावशी, आजीच्या छातीची ऊबपण तेवढीच चालते, तुम्ही धरताल का? मला वाटलं आता ओरडतात. त्या म्हणल्या, माकडीण कशी पोटाला पिल्लू धरती तसंच ना? अन् दुसऱ्या दिवसापासून दुपारचे दोन तीन तास त्या भिंतीला टेकून, चोळी सैल करून, नातीला छातीवर घेऊन बसायच्या, हलायच्या नाहीत. ज्या बाईनं धुरी बंद केली म्हणून आठ दिवस तोंड फुगवलं होतं तीच आता शेजारणींना सांगती, लेकराला गार पडू देऊ नका गं, तळपाय बघत जा. आत्याबाईंचा हा बदल बघूनच माझे दोन स्टार पक्के झाले.

बेचाळिसाव्या दिवशी वजन २ किलो ५५०. त्या दिवशी आमच्यात सव्वा महिन्याचा कार्यक्रम होता, आशाताईला हळदीकुंकू लावून ब्लाऊजपीस दिला.

बाकी तिनं सांगितलेलं थोडक्यात. बाळंतिणीला आमच्यात लई पथ्य पाळायला लावतात, वरण नको वातूळ, केळी नको, पाणी कमी पी. तिनं ताटच बघायला मागितलं, भाकरीवर नुसतं मीठ तिखट बघून म्हणली हिच्यात दूध येणार कुठून, वरण, मेथी, शेंगदाणे, गूळ, अंडं खात असलात तर अंडं, अन् सगळ्यांच्या नंतर नाही, सगळ्यांच्या आधी जेवायचं. हे शेवटचं ऐकून आमचे मालकसुद्धा गप्प झाले. पिण्याचं पाणी उकळून किंवा पाणी शुद्ध करायच्या मेडीक्लोरचे थेंब टाकून, भांड्यावर झाकण, काढायला लांब दांड्याचं वगराळं, आत हात नाही. वगराळं जत्रेतनं आणलं, फार महाग नव्हतं, वर्षभर घरात जुलाब नाहीत. आणि दोन लेकरांत तीन वर्षाचं अंतर ठेवा म्हणून जावेला दवाखान्यात नेऊन डॉक्टरांना दाखवून अंतराचं इंजेक्शन चालू केलं, तीन महिन्यानं एकदा, तेही फुकट. दुसरी मुलगी झाली तर सरकारच्या मातृवंदना योजनेचे ६००० रुपये मिळतात, त्याचा फॉर्मपण तिनंच भरला.

पुढच्या भेटी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्याला असतात, ते २०१८ पासून सुरू झालंय. ह्यात आमची तिसऱ्या महिन्याची भेट उशिरा, चौथा संपता संपता झाली. काट्याचा हूक तुटलेला, म्हणून अंगणवाडीचा काटा उसना आणून वजन केलं. हे खटकलं, मी सांगितलंही. पण त्या बाईकडं बघा. २०११ ला ही योजना आली तवा सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये ठरले, भेटीचे नाही, सगळ्या मिळून, आणि पुढच्या पाच भेटींना ५० प्रमाणे. ह्याच्यावर जंताच्या गोळ्या, सर्व्हे, मोबाईलमधली माहिती, लसीकरणाला लेकरं गोळा करणं. हे पैसेही वेळेवर पडत नाहीत, हे ती नाही बोलली, तिच्या घरच्यांकडून कळलं. २०२२ ला जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या आशांना पुरस्कार दिला, टीव्हीवर दाखवलं, अभिमान वाटला. पण हूक तुटलेला काटा बदलून मिळायला सहा महिने लागतात हेही तितकंच खरं. कापलेल्या स्टारचा अर्धा इथं गेला, वरच्यांना.

उरलेला अर्धा कशाचा ते सांगते. २०२४ च्या दिवाळीनंतर ऊसतोडीची टोळी निघाली तेव्हा लेकरू चार महिन्याचं होतं. उचल (मुकादमाकडचे आगाऊ पैसे) आधीच घेतलेली, पूर्ण कोयत्याची, म्हणजे नवरा बायको दोघांची. आशाताई म्हणली सहा महिने अंगावर पाजायचं आहे, फडातल्या थंडीत हे वजन टिकायचं नाही. दीर एकटाच गेला, अर्ध्या कोयत्यावर, उरलेली उचल मुकादमाच्या वहीत फिरली अन् अजून फिटलेली नाही. म्हणजे लेकरू वाचवायला आम्ही कर्ज घेतलं असंच म्हणा. ज्यांच्या घरात थोरली जाऊ, सासू, एखादा एकर नाही त्यांनी काय करायचं? ते लेकराला घेऊनच जातात, पाचटाच्या कोपीत, उघड्यावर, पहाटे चारला मोळ्या बांधताना लेकरू बांधावर. अन् तिथं ह्या सर्व्हिसचं पानच संपतं, कारण आशाच्या वहीत नाव गावचं असतं अन् लेकरू दोन तीनशे किलोमीटरवर असतं. नियमात काय असंल ते असो, आमच्या ओळखीतल्या कुणाच्याही कोपीवर आशा लेकराचा श्वास मोजायला आलेली मी अजून ऐकलेली नाही. जिथं सगळ्यात जास्त गरज आहे तिथंच भेट होत नाही. म्हणून अर्धा स्टार.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात कसा पाऊस झाला ते सगळ्यांनी बघितलं. आमच्या विहिरीत गढूळ पाणी उतरलं, गावात जुलाब सुरू झाले, पोरगी चौदा महिन्याची, तिलाही दिवसात सात आठ वेळा. पण ह्यावेळी आम्ही घाबरलो नाही कारण ओआरएसची पाकिटं आशाताईनं घरात आधीच देऊन ठेवलेली. अख्खं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, ग्लासात अर्धं पाकीट टाकायचं नाही, पाण्याची एक लिटरची बाटली माप म्हणून धरायची, चोवीस तासानं उरलेलं फेकून द्यायचं. प्रत्येक जुलाबानंतर चमच्यानं थोडं थोडं, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत. सोबत झिंकची २० मिलीग्रॅमची गोळी रोज एक, चौदा दिवस, जुलाब थांबले तरी. हे लोक सोडून देतात, तिसऱ्या दिवशी बरं वाटलं की गोळी बंद. आणि खाणं बंद करायचं नाही, अंगावरचं चालू, मऊ भात वरण चालू. डोळे खोल गेले, पाणीच पिईना, शीतून रक्त आलं, तर मात्र घरी बसायचं नाही. तिसऱ्या दिवशी बसली उठून. शेजारी एका घरात मात्र लेकराला चहा बिस्किट अन् कोल्ड्रिंक पाजत बसले, सलाईनवर गेलं ते, वाचलं पण.

कुणाला ही सर्व्हिस घ्यायची असली तर एवढंच सांगते, गरोदर राहिल्यावर तीन महिन्याच्या आत आशाताईकडं नाव घाला, माहेरी बाळंतपण होणार असलं तर दोन्हीकडच्या आशांना फोन करून ठेवा, माहेर सासरच्या मध्ये भेटी हरवतात. ती आल्यावर घरातल्या गड्यांनापण तिथं बसवा, गाडी बोलवायची का नाही ते तेच ठरवतात ना. काटा, थर्मामीटर, घड्याळ काढलं नाही अन् नुसतं लिहून निघाली तर थांबवा, म्हणा आधी मोजा, तो तुमचा हक्क आहे. आणि हिरवं गुलाबी जे काय माता बाल कार्ड असतं ते सांभाळा.

आमची टोळी दिवाळी झाली की निघायलीय. ह्या वेळेस जाऊ जाणार, इलाज नाही, वहीतला आकडा फिटला पाहिजे. मोठी पोरगी माझ्याजवळ राहील, धाकटी अजून अंगावर पिते म्हणून तिच्यासोबत जाणार, झाकणाची स्टीलची टाकी, वगराळं, ओआरएसची दहा पाकिटं, झिंक, एक थर्मामीटर आम्ही मेडिकलमधून विकत घेतला, आत्याबाईंनी लोकरीच्या दोन टोप्या विणल्यात. गोवराचा दुसरा डोस सोळाव्या महिन्यापासून द्यायचा असतो, तो तिकडंच पडणार. आशाताईनं कार्डावर त्या रकान्याला पेनानं गोल केलाय, बाजूला स्वतःचा नंबर लिहिलाय, अन् कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून जावेच्या पेटीत साड्यांच्या वर ठेवलंय, खाली नाही, वर, उघडलं की दिसंल असं.